गिधाडं आढळली नाहीत

नसीमा,

काल कॉलेजच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली, आणि तिला पवनचक्की कंपनीचा तो मलमल आला होता. भलंथोरलं पुष्पचक्र घेऊन. त्यावरच्या पट्टीवर त्याच्या कंपनीचं नाव तुझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होतं. माईकसमोर उभा राहून तो म्हणाला, "नसीमा मॅडम म्हणजे या डोंगरांचा आवाज होत्या." मग आवाज जरा खाली आणून त्याने जाहीर केलं की पोलादपूरच्या पवनचक्की प्रकल्पाचा अहवाल, झाडं-पाखरं-जनावरांवर काय परिणाम होईल ते सांगणारा, तुझ्या स्मृतीला अर्पण करायचं ठरलंय. माना हलल्या. प्राचार्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत होते. मला उमासा आला, आणि तो कढ बिढ नव्हता गो, खरोखरच पोटातून आला.

तुला दफन केलं त्या दिवशी मी तुझ्या घरी बायकांत बसले होते. कब्रस्तानात बायका जात नाहीत. मला त्याचं बरंच वाटलं. तुला माती द्यायचा हक्क मला नव्हताच.

सभा संपल्यावर मलमलने मला जिन्यात गाठलं. "मॅडम, एक विनंती. अहवालातलं नसीमा मॅडमचं प्रकरण अर्धवट राहिलंय. नोंदी सगळ्या आहेत. शेवटचा निष्कर्ष तेवढा तुम्ही लिहून द्या. तुमच्याइतकं जवळचं कोण आहे? खाली दोघींची नावं टाकू."

"निष्कर्ष काय?"

"साधा आहे. प्रकल्पक्षेत्रात गिधाडं आढळली नाहीत. त्यांनी बघितलं ते तसंच आहे ना?"

तसंच आहे. तू जे बघितलंस ते तसंच आहे, आणि म्हणूनच मी हे लिहायला बसलेय. प्राचार्यांनी स्मृतिअंकासाठी लेख मागितलाय: "मॅडमचा हसरा स्वभाव, विद्यार्थ्यांवरची माया, असं काहीतरी." ते दुसरं कुणी लिहील. मला तुला एक गोष्ट सांगायचीय. तू होतीस तोवर सांगितली नाही. आता सांगायची तर ती चारचौघांसमोरच सांगायला हवी, नाहीतर ती पुन्हा माझ्याच पोटात राहील.

आठवतं, काम आलं ते दिवाळी उरकल्यावर. तू प्राणिशास्त्राची, मी वनस्पतिशास्त्राची. पक्षी आणि जनावरं तू बघायची, झाडं मी. मलमल पहिल्याच बैठकीत म्हणाला की पवनचक्कीला असा अहवाल कायद्याने लागतसुद्धा नाही, परदेशातल्या कर्ज देणाऱ्यांना हवा असतो म्हणून करायचा. तू चहा खाली ठेवलास. "म्हणजे कुणी वाचणार नाही म्हणून सांगताय, की कुणीतरी वाचेल म्हणून घाबरताय?" तो गोड हसला. बाहेर पडल्यावर तू म्हणालीस, "काय माणूस आहे गो! बोट लावलं की घसरतंय. मलमल नुसती." तेव्हापासून त्याचं खरं नाव आपल्या दोघींच्या तोंडात आलंच नाही. या लेखातही येणार नाही.

जागा माझ्या माहेरची. उमरठच्याही वर, गाडीरस्ता संपला की तासभर चढून वाडी, आणि वाडीच्या डोक्यावर सडा. काळ्या कातळाचं उघडं पठार, एका अंगाला तुटलेला कडा. तिथे पवनचक्क्या उभ्या राहणार. वाडीतली माणसं त्यांना पंखे म्हणतात. "पंखं येनार, मग रस्ता येनार," असं.

आता हे वाचणाऱ्यांसाठी सांगते, तुला माहीत आहे ते. आमच्या वाडीत गाय-बैल-म्हैस मेली की तिला पुरत नाहीत. चार गडी वाश्याला बांधून सड्याच्या टोकाला नेतात आणि उघड्यावर टाकतात. गिधाडं उतरतात. दोन दिवसांत हाडं उरतात, ती धुतल्यासारखी. आमच्या काकूच्या भाषेत "पाव्हणं जेवून गेलं." लहानपणी मला त्याची किळस यायची. तू पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा तुझा चेहरा असा उजळला, जसा कुणाचा घरी बिर्याणी आहे म्हटल्यावर उजळतो. तू तिथेच ठरवलंस: कड्यासमोर बसायचं, थंडीभर आणि उन्हाळाभर, घरट्यांच्या दिवसांत. एवढ्या जड पक्ष्याला फिरतं पातं चुकवता येत नाही, तो उडताना खाली जमिनीकडे बघत असतो, हे तू मला कड्यावर पालथी झोपून समजावलं होतंस. इथे गिधाडं उतरतात हे एकदा कागदावर आलं की पंखे या सड्यावर येणार नाहीत, दुसरी जागा शोधावी लागेल. सगळं त्या एका वाक्यावर होतं.

मलमललाही ते माहीत होतं.

तू वर्गावर होतीस. तो स्टाफरूममध्ये माझ्या समोर येऊन बसला. गुरांत लम्पीची साथ पुन्हा येतेय म्हणतात, म्हणाला. तुमच्या वाडीत जनावरं उघड्यावर टाकतात ना, बरं नाही ते. आमचं काय, गावाच्या आरोग्याचा प्रश्न. "तुमच्या घरचेच लोक. तुमचं ऐकतील." मग खिडकीबाहेर बघत, सहज: "रस्ता एकदा झाला की आजारी माणसाला डोलीतून उतरवायला नको. तुमच्या काकूंच्या सुनेला बाळंतपणात तसंच आणलं होतं ना?"

हे त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मी सांगितलं नव्हतं. मी कुणाला काही सांगतच नाही.

मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही, नसीमा. अन्न बंद झालं की पक्षी जागा सोडतो, हे मी तुझ्याच तोंडून किती वर्षं ऐकत आले होते. साथ नव्हती. मी गुरांच्या डॉक्टरला एक फोन केला असता तर ते पाच मिनिटांत कळलं असतं. म्हणूनच मी तो केला नाही. त्या रविवारी मी वाडीत गेले.

काकू अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "पुरायचा? कातलात खड्डा तुजा बाप खनील?"

"खाली मळ्याकडे पुरा. रोग पसरतोय काकू."

"मंग पाव्हन्यांनी काय खायाचा?"

"जातील दुसरीकडे."

तिने सूप थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पाखडायला लागली. "तू शिकलीस बाय. तुला ठावं."

त्यांनी पुरली. त्या थंडीत आणि उन्हाळ्यात वाडीत जेवढी जनावरं मेली तेवढी मळ्याच्या कडेला मातीखाली गेली. माझ्या शब्दावर.

आणि तू वर बसलीस. रमजान आला तेव्हा रोजे धरून बसलीस. पहाटेचं खाणं, सहेरी, उरकून महाडहून निघायचीस, उन्हं वर यायच्या आत कड्यासमोर हजर. पाण्याचा थेंब नाही, डोळा दुर्बिणीला. मी शेजारी, छत्री उघडून, वाळक्या काड्या कागदात दाबत. कड्यावर विष्ठेचे पांढरे ओघळ होते, जुनी घरटी होती. पाखरू नव्हतं. कधीतरी फार उंचावरून एखादं जायचं, न थांबता. "गिधाडं कुठे गेली गो?" तू विचारलंस. मी म्हटलं, "हवा बदलली असेल."

हवा बदलली असेल! लिहितानाही ओठ वाकडे होतात.

तू विचारलंस, यंदा जनावरं मेली नाहीत का? मी म्हटलं, जनावरंच कुठे उरलीत, निम्मी वाडी मुंबईला. तू म्हणालीस, काकूला विचारून येते. मी म्हटलं, मी विचारलंय. तू उठत होतीस, परत बसलीस. माझ्यावर शंका घ्यायची तुला सवयच नव्हती. या सगळ्यात मला सगळ्यात घाण वाटते ती ही जागा. मलमलने मला वाडीत पाठवलं, पण "मी विचारलंय" हे माझ्या तोंडात त्याने घातलं नव्हतं.

रस्त्यासाठी केलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ती डोली मी पाहिलेली आहे, तो रस्ता हवाच. पण ते कारण मी नंतर शोधलं. खरं कारण इतकं किरकोळ आहे की सांगायला लाज वाटते. समोरचा माणूस गोड बोलत असला की मला नाही म्हणता येत नाही. एवढंच. माझ्या अबोलपणाला लोक भारदस्तपणा समजतात. तो नुसता भित्रेपणा आहे.

आपलं भांडण झालं ते मात्र भलत्याच गोष्टीवरून. झाडांवरचं माझं प्रकरण मी मे महिन्यात पुरं करून दिलं. त्यात वाक्य होतं: "सदर पठार खडकाळ, पडीक व विरळ वनस्पतींचे आहे." तू ते वाचून कागद माझ्या टेबलावर आपटलास.

"सुनंदे, हे कुणी लिहिलं?"

"मी. मी गेले तेव्हा तसंच होतं."

"तू गेलीस उन्हाळ्यात! तू रमजानच्या दुपारी आमच्या मोहल्ल्यात ये, आणि लिही, इथली माणसं जेवत नाहीत!"

स्टाफरूममधले सगळे हसले. मला राग आला. मी तुला म्हटलं की काम मुदतीत द्यायचं असतं, तुझ्यासारखं दगडावर बसून राहायला सगळ्यांना वेळ नसतो. तू काही बोलली नाहीस. तू बोलली नाहीस असं आयुष्यात दोन-तीनदाच झालं असेल. पावसात त्या सड्यावर काय फुलतं हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तुला ते मीच दाखवलं होतं, वीसेक वर्षांपूर्वी, नोकरीला लागलो त्या पहिल्या पावसाळ्यात: गुडघ्यावर बसून, नखाएवढी निळी फुलं, आणि ती किडे खातात म्हटल्यावर तू किंचाळली होतीस, "आमच्याच जातीची गो ही!" ते सगळं मला माहीत होतं आणि मी 'पडीक' लिहिलं.

तरी तूच आलीस समजूत काढायला. पाऊस लागायच्या आधी एक दिवस स्कूटर घेऊन दारात. "चल सवला. पायांची पार वाट लागलीय." सवच्या गरम पाण्याच्या कुंडाशी आपण दोघी साडी-सलवार वर खोचून बसलो. एक म्हातारा आपल्याकडे बघून पुटपुटला तर तू त्याला म्हणालीस, "चाचा, तुमचेही पाय दुखत असतील, बसा की." तो बसलासुद्धा. मग त्याच्या गुडघ्यांची आणि तुझ्या गुडघ्यांची तुलना सुरू झाली. मी ऐकत होते. मला नेहमीच ऐकायला आवडायचं. हॉटेलात माझा चहा कमी साखरेचा, हे तू सांगायचीस. माझी रजा तू मागायचीस. माझी आई गेली तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचं कामही तू केलंस, दारात उभं राहून, घरची असल्यासारखी. माझ्या वाट्याचं बोलणं तू इतकी वर्षं बोललीस. त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत. आज मानते.

म्हातारा उठून गेल्यावर तू पाण्यातले पाय हलवत विचारलंस, "तुला काही सांगायचंय का?"

"नाही."

"बरं."

त्यानंतर पाऊस, परीक्षांचे पेपर, आणि मग त्या सकाळी तुझ्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि दुपारपर्यंत तू नव्हतीस.

इथे लिहिणं थांबलं होतं. मधल्या दिवसांत मी वाडीत जाऊन आले.

काकू चुलीपुढे होती. मी उंबऱ्यातच बसले आणि सांगून टाकलं. तिने लाकूड आत सारलं. "म्हंजे रोग नव्हताच?"

"नव्हता."

"रस्त्यापायी केलंस?"

"होय."

"खोटा बोलू नको. रस्ता आमाला हवा हाय. पन तो आमी मागितला असता, आमच्या तोंडानं. तू कोन मागनारी? आन गिधाडांच्या तोंडचा काढून?"

मग तिने विचारलं, "तुज्या त्या बाईला सांगितलंस? दुर्बीणवालीला?"

"ती गेली काकू."

काकू उठली, हात धुतले, पुन्हा बसली. "कवा?" मग म्हणाली, "हितं बसून रोजा सोडलान तिनं. जनावरांचा काय इचारलान नाय. खजूर काढून पयला माज्या हातावर ठेवलान." आणि चुलीकडे बघत, मला नव्हे, कुणालाच नव्हे: "म्हंजे वरती ती उपाशी, आन गिधाडं बी उपाशी."

मला निघताना तिने चहा विचारला नाही.

महाडला उतरल्यावर मलमलला फोन केला. निष्कर्ष लिहिणार नाही म्हटलं, आणि माझं प्रकरणही परत घेते म्हटलं. तो म्हणाला, ते तर कधीच मंजूर झालं मॅडम. मग मी म्हटलं की पाहणीच्या काळात तुम्ही जनावरं पुरायला लावलीत हे मी कळवणार आहे.

"मी?" तो दुखावला गेल्यासारखा वाटला. "मी गावाच्या आरोग्याविषयी बोललो. वाडीत जाऊन सांगितलं कुणी?"

"मी."

"मग तसं कळवा ना. जे खरं आहे ते कळवायलाच हवं." आणि अगदी मायेने: "फक्त त्यात तुमचंच नाव येईल, हे बघा. नोकरीची अजून वर्षं आहेत तुमची."

फोन ठेवल्यावर मी हात साबणाने धुतले. वेडेपणा, पण धुतले. तो बरोबर बोलत होता, तीच तर ओकारी आणणारी गोष्ट आहे. त्याने कुठे बोटाचा ठसा उमटवलेलाच नाही. त्याला पकडायचं तर मला आधी स्वतःचं मनगट पुढे करावं लागतं. तेव्हा केलं. कर्ज देणाऱ्या संस्थेला पत्र गेलं, एक प्रत प्राचार्यांना. पाहणी चालू असताना मी, सुनंदा, माझ्या लोकांना खोटं सांगून गिधाडांचं खाणं बंद केलं, कंपनीच्या माणसाच्या सूचनेवरून, आणि माझ्या सहकारी मैत्रिणीपासून ते लपवलं. त्यामुळे तिच्या नोंदी खऱ्या असूनही त्यांतून निघणारा निष्कर्ष खोटा आहे. सडा पडीक आहे हेही खोटं आहे. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "याची गरज होती का? त्या गेल्या बिचाऱ्या." काय होईल ते होईल. हा लेख ते छापतील का, माहीत नाही. नाही छापला तर मी कॉलेजच्या फलकावर लावीन.

सलीमभाईंना भेटले. तुझ्या नवऱ्याशी मी आजवर हवापाण्यापलीकडे बोलले नसेन. दारातच सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "तिचं नाव काढा त्यातून. अर्पण बिर्पण काही नको." मी म्हटलं, तेही कळवलंय. मग ते म्हणाले, "सुनंदाताई, थोडे दिवस घरी येऊ नका." बरोबर आहे. तेवढं तर मिळायलाच हवं.

तुझी माफी मागत नाहीये. मेलेल्या माणसाची माफी मागणं सोपं असतं, ते नाही म्हणत नाही. तू असतीस तर आधी शिव्या घातल्या असत्यास, मग महिनाभर अबोला, आणि तो महिना मला वर्षासारखा गेला असता. तो अबोला मला हवा होता गो. हा जो आता आहे, तो नाही.

परवा काकूचा फोन आला. तिचा फोन म्हणजे ओरडणंच.

"गो, खालच्या घरचा रेडा मेला."

मी म्हटलं, "पुरू नका काकू."

"तुला इचारायला नाय केला फोन. टाकलाय सड्यावर. कलवायला केलाय. यायचा तर ये."

काल पहाटे निघाले. पावसाने उघडीप दिली होती. वाडीतून कुणी सोबत आलं नाही, फक्त काकू काठी टेकत पुढे. सडा फुलला होता. मी पडीक लिहिलेला. पाय कुठे ठेवायचा कळत नव्हतं. काकू मात्र सवयीने कातळावरून कातळावर. रेड्याचं पोट फुगलं होतं, वास वाऱ्यावर होता. मला मळमळलं, पण ही मळमळ स्वच्छ होती. आम्ही तुझ्या दगडापाशी बसलो. आधी कावळे आले, मग दोन कुत्री. मग काहीच नाही. दुपार झाली. मला वाटलं, आता येणारच नाहीत, कायमची गेली, मीच घालवली. काकू तंबाखू मळत होती. तिने मान वर केली आणि हनुवटीने कड्याकडे दाखवलं.

एक होतं. मग त्याच्या मागून बाकीची, ढगातून सुटल्यासारखी, पाय खाली सोडून.

मी बघत राहिले.

"गप का?" काकू म्हणाली. "आयुष्यभर गपच बसनार हायेस? सांग तिला."

"आली," मी म्हटलं. आवाज फुटला नाही. मग मोठ्याने, उभी राहून, कड्याला ऐकू जाईल असं: "आली गो नसीमा! आली!"